ड्राइव्हसोबत माणूस आणणे

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक मोठी, दुकानाच्या नावाची. तिचा रंग उडाला होता आणि ती कोणी वाचत नसे. दुसरी लहान, वर्कशॉपच्या मालकीण मॅडमनी स्वतः ब्रशनं रंगवलेली: 'ड्राइव्हसोबत माणूस आणणे. माणूस नसल्यास ड्राइव्ह घेतला जाणार नाही.' पहिल्या दिवशी ती वाचून मला वाटलं, ड्राइव्ह जड असतात, उचलायला माणूस लागत असेल. मी तसं बोलून दाखवलं.

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इंजिनिअर हायस न्हवं?"

"हो."

"दिसतंय."

हे कौतुक होतं की दुसरं काही, ते तेव्हा मला कळलं नाही. पुढं त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली, तरीही कळलेलं नाही. ज्या माणसाकडून आपण धंदा शिकलो, त्याच्याबद्दल इतकं कमी कळावं याची मला कधीकधी चीड येते.

ड्राइव्ह म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी ती एक पेटी असते. कारखान्यात, फौंड्रीत, दूध डेअरीत, नदीवरच्या पंपावर, जिथं मोठी मोटर तिथं आता ही पेटी असतेच. पेटीला एक छोटा पडदा असतो. काही बिनसलं की पेटी मोटर बंद करते आणि पडद्यावर कारण दाखवते. सगळ्यात वाईट कारण म्हणजे 'शॉर्ट सर्किट'. ते दिसलं की लोकांचा धीर सुटतो आणि पेटी आमच्याकडं येते. बिघाड पेटीत आहे, मोटरमध्ये आहे की दोघांमधल्या केबलमध्ये, हे पेटी सांगत नाही. ते आम्ही शोधायचं.

आता पाटीवरचा माणूस. हा माणूस कुठलाही चालायचा नाही. ड्राइव्ह बंद पडला त्या क्षणी त्याच्या सगळ्यात जवळ जो उभा होता, तोच पाहिजे. एकदा एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याचे मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर ड्राइव्ह, गाडी सोन्याची असल्यासारखी खाली चादर अंथरून ठेवलेला.

"बंद पडला तवा तुम्ही जवळ व्हतासा?" मॅडमनी विचारलं.

"मी केबिनमध्ये होतो. पण रिपोर्ट माझ्याकडं आलाय ना."

"मग केबिन बंद पडली की या. ह्याच्याजवळ जो व्हता त्याला पाठवा."

मॅनेजर चादरीसकट परत गेले. मला वाटलं, आता हे गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी तोच ड्राइव्ह आणि त्याच्याबरोबर घाबरलेला एक ऑपरेटर, असे दोघं रिक्षातून हजर झाले.

मग त्या माणसाची उलटतपासणी व्हायची. मॅडम त्याला खुर्ची द्यायच्या, चहा मागवायच्या, ड्राइव्ह मागच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडं पाठ करून बसायच्या आणि माणसाकडं तोंड करून विचारायला लागायच्या. पायात काय व्हतं? लादी पुसली व्हती का? आधी आवाज आला का आधी वास? फोनवर व्हतास का? कुणाशी बोलत व्हतास? एक पोरसवदा ऑपरेटर या शेवटच्या प्रश्नावर लाजून लालेलाल झाला, आणि मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "फोनवर वेळ असती बघ. वेळ कळली की त्या वेळी शेजारी कुठलं मशीन सुरू झालं ते कळतंय." मी थक्क झालो. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलं, "जेवलास का?" यातून काय निघतं हे मी मान खाली घालून शोधत बसलो. काही निघत नव्हतं. तो जेवला नव्हता आणि मॅडमनी त्याला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली, एवढंच. त्यांच्या प्रश्नांतला कुठला धंद्याचा आणि कुठला माणुसकीचा, हे ओळखायची खूण मला शेवटपर्यंत सापडली नाही.

मॅडम पूर्वी पॉलिटेक्निकला शिकवत. साठी ओलांडलेली, केस बॉबकट, अंगावर कॉटनची साडी आणि तिच्यावर खिसे असलेला खाकी कोट. आवाज असा की गल्लीच्या टोकाला चहावाल्याला हाक मारायला फोन लागत नसे. बोलणं आमच्याकडच्या बायकांचं, म्हणजे 'मी जातो', 'मी बघतो' असं. राहायला कसबा बावड्यात. घरी बोअरला मोटर होती, तिला जुना साधा स्टार्टर होता. आयुष्यभर ड्राइव्ह दुरुस्त करणारी बाई घरी ड्राइव्ह लावत नाही, हे मला पटेना. विचारलं तर म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी बी तेच बघू व्हय?" हे उत्तर झालं का? मला वाटतं झालं नाही.

ड्राइव्हला हात लावायची वेळ आली की त्यांची पहिली आज्ञा ठरलेली: "सोडव." मोटरकडं जाणाऱ्या वायरी ड्राइव्हपासून सोडवायच्या आणि ड्राइव्ह मोकळाच चालवून बघायचा. "नवराबायकोचं भांडण हाय असं समज. बायकोला चार दिवस माहेरी पाठवायची. घरात तरी आदळआपट चालूच असंल तर दोष नवऱ्याचा. घर शांत झालं तर दोष बायकोचा, न्हायतर माहेरच्या वाटेचा." माहेरची वाट म्हणजे केबल.

मी एकदा म्हणालो, "पण मॅडम, मोटर म्हणजे बायकोच कशावरून? नवराही असेल."

त्या विचारात पडल्या. "नवरा मोटर असता तर घर चाललं असतं की," म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याबद्दल मी कधी विचारलं नाही. विचारायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

मीटरच्या बाबतीत तर त्यांनी माझं डोकं फिरवायचं बाकी ठेवलं होतं. मी मीटर लावून सांगायचो, मॅडम, सगळं ठीक आहे. त्या म्हणायच्या, "मीटरवर काय इसवास ठेवतोस? नाक हाय का न्हाय?" मग ड्राइव्हचं झाकण काढून आम्ही सगळे आळीपाळीनं वास घ्यायचो, गिऱ्हाइकासकट. मग मी एकदा वास घेऊन सांगितलं की आतला मॉड्यूल जळलाय, तर ओरडल्या, "वासावर सांगतोस व्हय? मीटर कशाला घेतलाय?" आज हे आणि उद्या ते. दोन्ही वेळा त्या खात्रीनं बोलायच्या आणि दोन्ही वेळा मीच चुकलेला असायचो.

एक गोष्ट मात्र पक्की होती. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की काम बंद. एका इलेक्ट्रिशियननं ड्राइव्ह न सोडवताच केबलची तपासणी केली होती. त्या तपासणीत केबलवर विजेचा जबर दाब सोडतात, त्यात ड्राइव्ह मेला. तो म्हणत राहिला, मी हातच लावला नाही. मॅडमनी ड्राइव्ह उघडलासुद्धा नाही. "पेटी दुरुस्त हुईल. तू न्हाईस. जा घिऊन." इतका राग मला जास्तच वाटला, पण त्यांना तसं सांगायची छाती नव्हती.

शिरोळकडची गोष्ट याच्यानंतरची. कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा ड्राइव्ह आला. नदीतून पाणी उचलून शेकडो उसाच्या शेतांना देणारी मोठी मोटर आणि तिच्यावरचा हा ड्राइव्ह. बरोबर पंप ऑपरेटर, श्रीपतीमामा. पंपहाऊसला लागून एक खोली होती, तिच्यात तो आणि त्याची बायको राहायची. स्वतःचं घर महापुरात बसलं होतं आणि पुन्हा उभं राहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर संस्थेचे चेअरमनही आले होते, पांढरेशुभ्र कपडे, हातात दोन फोन.

"बाई, दिवस उगवायला मोटर सुरू केली की ठाप् करून बंद पडतीया," श्रीपतीमामा सांगू लागला. "पडद्यावर शॉर्ट सर्किट. किती बी डाव दाबा, त्येच. आन् ऊन वर आलं की आपसूक सुरू हुतीया, मग दिवसभर बघायला नगो."

"मोटर न्हवं ओ," चेअरमन हसून म्हणाले, "ह्योच ऊन आल्यावर उठतोय. आमचा इलेक्ट्रिशियन दुपारी जाऊन बघून आला. सगळं ओके. लोकांच्या पाण्याच्या पाळ्या चुकाय लागल्यात, मॅडम. ऊस वाळाय लागलाय. येत्या मीटिंगला ह्याला काढायचं ठरलंय. तुम्ही एकदा सांगून टाका, ड्राइव्ह चांगला हाय म्हणून, म्हंजे आमी बी मोकळं."

श्रीपतीमामानं वर बघितलं नाही. काढलं तर नोकरीबरोबर खोलीही जाणार, हे त्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आम्ही ड्राइव्ह तपासला. मीटर लावला, वास घेतला, आमची मोटर जोडून तासभर फिरवला. चांगला ठणठणीत. मला तर चेअरमनचंच पटायला लागलं होतं. यंत्राला सकाळ-दुपार कळते, हे कोण मानणार? मॅडम मात्र ड्राइव्हकडं पाठ करून श्रीपतीमामाकडं बघत बसल्या होत्या.

"झोपता किती वाजता?"

"झोप कुठली, बाई. सकाळी काय हुतंय म्हणून रात्री डोळाच लागत न्हाय."

"मी येतो तिकडं," मॅडम म्हणाल्या. "दिवस उगवायला. तुमी बी या, चेअरमन."

त्या आठवड्यात शेतीपंपांना दिवसाची लाईट होती. मॅडमच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही उजाडता उजाडता पोचलो. दोन्ही बाजूंचा ऊस दवानं असा भिजला होता की पंपहाऊसपर्यंत चालत जाताना माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. नदीवरून धुकं येत होतं. चेअरमन कानाला मफलर गुंडाळून आधीच उभे होते, बरोबर कमिटीचे दोघं. ऑपरेटर झोपलेला सापडेल अशी त्यांची आशा असावी. तो जागा होता. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता.

ड्राइव्ह जोडला, बटण दाबलं. ठाप्. शॉर्ट सर्किट.

मॅडम म्हणाल्या, "सोडव." मी वायरी सोडवल्या. मोकळा ड्राइव्ह सुरळीत चालला. म्हणजे दोष मोटरमध्ये किंवा केबलमध्ये, आणि तोही फक्त सकाळचा. मी पार गोंधळून गेलो. मुख्य लाईन तोडून घेतली, ती तुटल्याची पुन्हापुन्हा खात्री केली आणि मोटरवरच्या जोडणीच्या डब्याचे स्क्रू काढायला वाकलो, तर मॅडमनी हात धरला.

"थांब. ह्या कुठं निघाल्यात?"

टॉर्चच्या उजेडात मुंग्यांची रांग दिसत होती. फरशीवरून मोटरच्या पायावर, तिथून अंगावर, आणि थेट त्या डब्यात, जिथं केबल आत शिरते तिथल्या फटीतून. फटीवरचं रबर कधीचं गळून गेलं होतं.

झाकण काढलं. आत, जिथं केबलच्या वायरी मोटरला जोडलेल्या असतात, तिथं लालसर काळा चिकट थर बसला होता. त्यात मेलेल्या मुंग्या, कुंकू आणि नारळाच्या शेंडीचे दोन-चार धागे. सगळं दवानं ओलं. मॅडमनी त्या थरावरून बोट फिरवलं आणि मी ओरडायच्या आत ते जिभेला लावलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या.

मग सगळा उलगडा झाला. खंडेनवमीला पंपहाऊसमध्ये मोटरची पूजा होते. इतर ठिकाणी नारळ यंत्रापुढच्या दगडावर फोडतात. इथं मात्र मोटरवरच फोडायची रीत, पाणी तिच्या अंगावरून ओघळलं पाहिजे. यंदा ते ओघळत डब्यात शिरलं होतं. ऊन वर आलं, मोटरचं अंग तापलं की तो थर वाळायचा आणि वीज आपल्या वाटेनं जायची. पहाटे दव पिऊन तो पुन्हा ओला व्हायचा आणि एका वायरीची वीज त्यातून दुसरीत जायची. दुपारी येऊन बघणाऱ्याला काय सापडणार?

"खरं बोलत व्हता की ओ ह्यो माणूस!" मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर झाडावरचे बगळे उडाले. "पहिल्या दिवसापासनं खरं बोलत व्हता!" श्रीपतीमामानं खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवलं. दाराशी त्याची बायको उभी होती, तीही डोळे पुसत होती. मलासुद्धा भरून आलं. तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट मी कुणालाही मजेत सांगितली असती.

पण मॅडम थांबल्या नाहीत. विजयाचं वारं अंगात शिरलं होतं. "आता एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "नारळ कुणी फोडला?"

कमिटीतला एकजण नदीकडं बघायला लागला. पहिला नारळ चेअरमनचा, हा मान त्या भागात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चेअरमननी हातातला फोन खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला.

"म्या फोडला," श्रीपतीमामा म्हणाला.

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मॅडमही.

"तुमी?"

"व्हय, बाई. म्याच. ध्यानात आलं न्हाय."

"नक्की?"

"नक्की."

मी तोंड उघडलं होतं. मॅडमनी माझ्या मनगटाला असं काही धरलं की मला ते मिटावं लागलं. "बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

चेअरमननी घसा साफ केला. "चूक माणसाकडनंच हुती," ते म्हणाले. "त्येवढ्यावरनं कुणाला काढत असत्यात व्हय? ऱ्हाऊ दे त्याला. काय रं?" कमिटीच्या दोघांनी एकदम माना हलवल्या. मग ते श्रीपतीमामाच्या जवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. त्या हाताचा अर्थ मी आजही लावत असतो. उपकार केल्याचा होता, की झाल्याचा?

आम्ही डबा धुतला, वाळवला, फटीला नवं रबर बसवलं, जोडण्यांना टेप गुंडाळली. मोटर सुरू झाली आणि चालत राहिली. पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला.

निघताना श्रीपतीमामा वांग्यांची पिशवी घेऊन व्हॅनपर्यंत आला. मॅडमनी पिशवी घेतली नाही. "खोटं का बोललासा?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आणून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बाई, तुमी मला सगळ्यांसमोर खरं ठरवलासा. माझ्या बायकूनं ते ऐकलं. मला त्येवढं बास हाय." त्यानं पिशवी खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली. "आता मला हितं ऱ्हायाचं हाय की."

व्हॅन निघाली. शेवटी मलाच राहवेना.

"मॅडम, तो खोटं बोलला."

"व्हय."

"आणि तो खोटं बोलला हे चेअरमनना माहीत आहे."

"व्हय."

"मग त्यांनी त्याला ठेवलं ते खोटं बोलला म्हणूनच ना? खरं बोलत होता तेव्हा तर काढायला निघाले होते."

"मला काय इचारतोस?" त्या एकदम ओरडल्या. "मी मोटरीचं सांगतो! फॉल्ट कुठं हाय ते सांगणं माझं काम. कुणाचा हाय ते इचारायला मला कुणी सांगितलं व्हतं?" मग थोड्या वेळानं स्वतःशीच, "पर इचारायला तर पायजेच की."

मला दोन्ही पटलं. विचारायला नको होतं, हेही. विचारायलाच हवं होतं, हेही. मी तसं म्हणणार, तेवढ्यात त्यांनी एका शेताच्या तोंडाशी व्हॅन थांबवली, मागं घेतली आणि वळवून पुन्हा नदीच्या दिशेनं काढली. चेहऱ्यावरून वाटलं की आता चेअरमनसमोर उभ्या राहून बोलणार. पंपहाऊसचं छप्पर दिसायला लागलं. बाहेर श्रीपतीमामाची बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. मॅडमनी वेग कमी केला, तिच्याकडं बघितलं आणि गाडी पुन्हा थांबवली. अरुंद रस्त्यावर पुढं-मागं करत पुन्हा वळवायला लागल्या, आणि गाडी आडवी असतानाच समोरून उसाची ट्रॉली आली.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बारीक केलं. मगाशी शेताच्या तोंडाशी आम्हाला वळताना त्यानं पाहिलं असणार. "पावणं, वाट चुकलासा व्हय?"

मॅडमनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मांडीवरची पिशवी कलंडून वांगी खाली पायाशी गडगडली, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"व्हय की ओ," त्या म्हणाल्या. "चुकलो."

त्यानं हात करून कोल्हापूरची वाट सांगितली. पहिलं वळण सोडायचं, मग पूल, मग डावीकडं. आम्हा दोघांनाही ती पाठ होती, तरी आम्ही ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.